दीड सेकंद

दातांच्या डॉक्टरांनी बोट ओलं करून वेग मोजायच्या डबीमागच्या रबरी चकतीला लावलं आणि ती डबी गाडीच्या समोरच्या काचेवर दाबून बसवली. दोनदा हलवून पाहिली.

"आता ही काही खोटं बोलणार नाही," ते म्हणाले आणि गुडघे सांभाळत शेजारच्या सीटवर उतरले. त्या गाडीत बसता येत नसे. तिच्यात उतरावंच लागे.

बाबांची नोंदवही छातीशी धरून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बंद पडलेल्या कारखान्यामागचा हा सरळ रस्ता बाबांनीच शोधून काढला होता. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. स्टिअरिंगवर काका होते, बाबांचे तीस वर्षांपासूनचे भागीदार. गॅरेज दोघांचं, ही लाल, जुनी टर्बोची गाडी मात्र एकट्या बाबांची. ती विकत घ्यायला डॉक्टर लांबून आले होते, ते बाबांच्या शब्दावर. गाडीतला दोष गिऱ्हाइकाने विचारायच्या आत सांगून टाकणारा माणूस, अशी बाबांची ख्याती होती.

गाडी आधी नुसती निघाल्यासारखी निघाली. मग मागून कुणीतरी ढकलून द्यावी तशी सुटली. तीनदा गेली, तीनदा परत आली.

"सात पॉइंट दोन, सात पॉइंट एक, सात पॉइंट तीन," डॉक्टर बाहेर येत म्हणाले. "वहीत काय आहे?"

तिला वही उघडायची गरज नव्हती. बावीस वर्षांच्या नोंदी. तारीख, हवेतला उकाडा, टायरमधला दाब आणि उभ्या गाडीने ताशी शंभर किलोमीटर गाठायला घेतलेला वेळ. पाच पॉइंट सहा ते पाच पॉइंट नऊ. त्याच्या वर एकही आकडा नाही.

"दीड सेकंद," डॉक्टर म्हणाले. "माझे पेशंट खुर्चीतून याहून लवकर पळतात. एवढी ताकद आहे, तर घोडं अडतं कुठे?"

"सगळीकडेच," काका इंजिनचं झाकण उघडत म्हणाले. "टर्बोचं चाक इंजिनच्या धुरावर फिरतं. निघताना धूरच नाही, तर चाक फिरणार कशावर? बरं, एकदा जागं झालं की सगळा जोर एकदम येतो आणि मागचे टायर जागीच गरगरतात. इंजिन कितीही जबर असू द्या, रस्त्यावर टेकतं ते चार बोटं रबर. त्यातून सावरलात की गिअर बदला. पाय उचललात की ते पुन्हा झोपलं."

"आमचं ड्रिलही हवेच्या चाकावरच फिरतं की. पायाने दाबलं की दाबल्या क्षणी."

"तुमच्याकडे हवा आधीच भरून ठेवलेली असते, डॉक्टर. हिला स्वतःच्याच धुरातून फुंकर जमवावी लागते."

डॉक्टर हसले, पण वहीवरची नजर काही हलली नाही. "ते पटलं. म्हणजे सात सेकंद हाच हिचा धर्म. मग वहीत पाच कुठून आले? गाडी म्हातारी झाली म्हणावं, तर गेल्या वर्षीची नोंदसुद्धा पाचाचीच." त्यांनी आवाज खाली आणला. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणा."

"बाबा आकडे फुगवत नसत," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. "प्रत्येक वेळी घड्याळ माझ्या हातात असायचं. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. बाबा चालवायचे, मी मोजायचे."

"मग आताही मोजा. डबी काचेवर राहू द्या. दोन्ही लावून बघू."

गाडीच्या खणात बाबांचं स्टॉपवॉच होतं. ती काकांच्या शेजारी उतरली, पट्टा ओढला, अंगठा बटणावर ठेवला. काकांनी क्लच सोडला. गाडी हलली. रस्त्याकडेचे दगड एकेक करून मागे जाऊ लागले, मोजता येतील इतक्या सावकाश. मग पाठ सीटवर आदळली आणि अंगठा खाली गेला.

शंभरला तिने पुन्हा बटण दाबलं. पाच पॉइंट सात. काचेवरच्या डबीत सात पॉइंट दोन.

काकांनी लांब जाऊन गाडी वळवली आणि तिथेच उभी केली. डॉक्टर दूर ठिपक्याएवढे दिसत होते.

"मी उशिरा दाबते," ती म्हणाली.

"हं."

"धक्का बसल्यावर. बावीस वर्षं." तिने अंगठ्याकडे पाहिलं. "काका, बाबांना हे माहीत नव्हतं ना?"

काका फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"पहिल्याच महिन्यात कळलं त्याला. मला घेऊन आला होता इथे, खात्री करायला. मी म्हटलं, पोरीला सांग. तर म्हणे, सांगितलं की ती घड्याळाकडेच बघत बसेल, गाडीत असूनही गाडीत नसेल."

"आणि लिहीत राहिले?"

"तू जे सांगायचीस ते लिहायचा. या एका बाबतीत मी त्याच्याशी भांडलोही. ऐकतोय कसला."

परतीच्या वाटेवर काकांनी गाडी हळू चालवली. डॉक्टर हात मागे बांधून वाट बघत होते. तिने खिडकीतूनच घड्याळ आणि डबी दोन्ही दाखवली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "गाडी हलते तेव्हा दाबायचं, मी जोर आल्यावर दाबत होते. सगळ्या नोंदींना दीड सेकंद जोडा."

डॉक्टरांनी मान हलवली. मग विचारलं, "आणि एवढ्या वर्षांत हे त्यांच्या लक्षात नाही आलं? नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा माणूस."

काका आरशात काहीतरी बघू लागले.

"नाही आलं," ती म्हणाली. "आलं असतं तर त्यांनी एकही आकडा लिहिला नसता."