तेरावा बेड

सौदीतल्या खमीस मुशैतच्या त्या खासगी इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात, बेड होते बारा. तेरावा बेड रईसा आणि टेगवेन या दोघींनी आपल्या मनानं टाकला होता आणि तो त्या दोघींशिवाय कुणालाच दिसत नव्हता.

त्याचं झालं असं. नर्सच्या नोकरीत ड्यूटी संपली की पर्स उचलून चालू पडता येत नाही. येणाऱ्या नर्सला एकेका बेडचं सांगावं लागतं. बेड एक, उम्म फहद, म्हणजे फहदची आई, ताप उतरला, सलाईन आठला बदलायची. बेड दोन, उम्म सारा, बाळ दूध ओढत नाही. ऐकणारी लिहून घेते. यालाच हँडओव्हर म्हणतात. ऐकणारीनं शेवटी 'घेतलं' असं म्हटल्याशिवाय जाणारीनं हलायचं नाही, हा नियम टेगवेननं वॉर्डाला लावला होता. टेगवेन वेल्सची. खाणकामगाराची मुलगी, उंचीला बेताची, पण आवाज असा की तिनं कॉरिडॉरमध्ये हाक मारली की चार बाळं एकदम जागी व्हायची.

वीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी रईसानं बारा बेड सांगून संपवले, तरी टेगवेन पेन उघडं धरून उभीच.

"आणि तेरावा?" तिनं विचारलं.

"तेरावा कुठला?"

"माझ्यासमोर उभा आहे तो. सकाळपासून जेवण नाही, डोळे सुजलेले. बाकी तू सांग."

रईसाचा बांध फुटला. नवरा जाफर आणि ती दोघंही नोकरीत, म्हणून तिनं लेक अदिबाला आईपाशी दाभोळला ठेवलं होतं आणि त्या दिवशी अदिबाला चार वर्षं पूर्ण झाली होती. फोनवर पोरगी आजीला विचारत होती की ही कोण बोलतेय. एवढं सांगून रईसानं नाक पुसलं. टेगवेननं ते खरोखर कागदावर लिहिलं, खाली वेळ टाकली आणि म्हणाली, "घेतलं." बस्स. सांत्वन नाही की पाठीवर हात नाही. पण त्या रात्री रईसा गाढ झोपली.

मग रिवाजच पडला. बारा बेड झाले की तेरावा. कधी तो बेड टेगवेनचा असे, कधी रईसाचा. 'बेड तेरा, कंबर दुखते.' 'बेड तेरा, नवऱ्याशी भांडण, चूक नवऱ्याची.' दोघी पोट धरून हसायच्या, पण 'घेतलं' म्हणायला कधी विसरायच्या नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी टेगवेनची आई अंथरुणाला खिळली आणि ती घरी परत गेली. तरी तेरावा बेड मोडला नाही. तो फोनवर गेला. दर जुम्म्याला एक आवाजी निरोप इकडून, एक तिकडून. जाफर हार्ट अटॅकनं गेला त्या आठवड्यात तर टेगवेन रोज फोन लावून बसायची. त्या दिवसांत रईसाच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तेव्हा टेगवेन नुसती म्हणायची, "बोलू नकोस. घेतलं."

पुढे टेगवेनच्या खोऱ्यातल्या छोट्या इस्पितळातला बाळंतिणींचा वॉर्ड सरकारनं बंद केला. तिची भाची तासाभराच्या रस्त्यावर, ॲम्ब्युलन्समध्ये बाळंत झाली. दुसऱ्याच दिवशी टेगवेननं इस्पितळाच्या फाटकाबाहेर एक टेबल मांडलं आणि पावसात उभी राहून सह्या गोळा करायला लागली. सह्यांवरून सभा, सभांवरून निवडणूक. आधी गावाची, मग वेल्सच्या विधानसभेची. दोन वर्षांपूर्वी तर पक्षानं तिलाच नेता केलं. आपल्याबरोबर बेडपॅन धुतलेली बाई टीव्हीवर मंत्र्यांना धारेवर धरते, याचं रईसाला काय कौतुक! नर्सेसच्या हॉस्टेलमध्ये ती प्रत्येकीला व्हिडिओ दाखवत सुटली. टेगवेनचे निरोप मात्र महिन्यावर गेले, मग दोन महिन्यांवर. रईसा स्वतःची समजूत घालायची. नेता माणूस, वेळ कुठला मिळणार?

आता अशा या रईसाला रमझानमध्ये आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. वाटाण्याएवढी, कडक, जागची न हलणारी.

शेकडो बायकांना तिनं स्वतःच्या हातानं शिकवलं होतं की छाती कशी चाचपायची, काही लागलं तर एक दिवसही थांबायचं नाही. आणि ही बाई तोंडात मिठाची गुळणी धरून तीन महिने बसली. कारणं विचाराल तर तिच्याकडे रग्गड होती. जूनमध्ये करार वाढायचा, त्यात फाइलला असलं काही लागलं तर खलास, इकामा, म्हणजे राहायचा परवाना गेला, फायनल एक्झिट, कायमचं घरी. अदिबा पनवेलला सासरी, सातवा महिना, तिच्या जिवाला घोर कशाला? कारणं सगळी खरी होती. पण खरं कारण त्यांच्याही खाली होतं. ते सांगायचं तर पलीकडे कुणीतरी पेन उघडून उभं पाहिजे आणि तसं कुणी तिला दिसत नव्हतं. टेगवेनला सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण म्हणाली, तिची निवडणूक होऊन जाऊ दे. आणि दर वेळी निरोपात एवढंच सांगितलं, 'बेड तेरा, ठीक आहे.' नर्सबाई हँडओव्हरमध्ये खोटं बोलत होती. वॉर्डात कुणी असं केलं असतं तर तिनं त्या पोरीची साल काढली असती.

मे महिन्यातला जुम्मा. हॉस्टेलच्या खोलीत रईसा भात-आमटी घेऊन बसली होती. खिडकीखाली कचऱ्याच्या डब्यापाशी माकडांची नेहमीची मारामारी चालली होती. तिनं फोन उघडला तर टेगवेनचं ताजं भाषण. प्रचाराची शेवटची मोठी सभा. पावसात हजारभर माणूस आणि प्रत्येकाच्या छातीवर पिवळा बिल्ला. बिल्ल्यावर तेराचा आकडा.

"मी वाळवंटातल्या एका वॉर्डात नोकरी करत होते," टेगवेन सांगत होती. "बेड बारा. पण माझी एक सहकारी मला रोज तेराव्या बेडबद्दल सांगायची. तेरावा बेड म्हणजे ती स्वतः. जी सगळ्यांना सांभाळते, तिला कोण विचारतं? आज वेल्समध्ये प्रत्येक घरात एक तेरावा बेड आहे. तुमचा तेरावा बेड आम्हाला सांगा. या नंबरवर पाठवा." टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावर नंबर आला. तो टेगवेनचाच जुना नंबर होता, रईसाचे निरोप जायचे तोच.

रईसाचा घास हातातच राहिला. आधी तिला राग आला तो वाळवंटाचा. डोंगरावरच्या खमीसला मे महिन्यातही पहाटे शाल लागते, हे हिला ठाऊक नाही? मग 'सहकारी' या शब्दाचा. वीस वर्षांची मैत्री आणि नाव नाही घेता आलं? मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग नाही, दुखतंय. दोघींच्या मधली एवढीशी गोष्ट, ती आता हजार माणसांच्या कोटावर टाचली गेली होती.

पण लगेच दुसरंही मनात आलं. तिला आठवतंय म्हणूनच ती बोलली ना? आणि विचारते आहेच, तर सांगावं.

रईसानं भात बाजूला सारला, फोन तोंडापाशी धरला आणि ड्यूटीवरच्या आवाजात सुरू केलं. "बेड तेरा. रईसा, वय बावन्न. डावी छाती, वरचा बाहेरचा भाग, गाठ, तीन महिने. हलत नाही, दुखत नाही. काखेतही एक लागते. तपासणी केलेली नाही. कुणाला सांगितलेलं नाही. टेगवेन, मला भीती वाटते." पाठवलं. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला श्वास पुरेसा आल्यासारखा वाटला. फोन मांडीवर ठेवून ती वाट पाहत बसली. भात गार झाला. अस्रची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली, तिनं नमाज पढली, पुन्हा येऊन बसली.

उत्तर आलं ते लेखी.

'प्रिय मतदार, तुमचा तेरावा बेड आमच्यापर्यंत पोहोचवल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तुमच्यासारख्या कहाण्यांमुळेच आमच्या लढ्याला बळ मिळतं. तुमच्या भागातल्या उमेदवाराची माहिती हवी असल्यास कृपया पिनकोड कळवा. आपली, टेगवेन आणि सहकारी.' खाली एक पिवळं फूल.

रईसानं ते तीनदा वाचलं. मग तिला हसू आलं. खमीस मुशैतमध्ये टेगवेनच्या पक्षाचा उमेदवार! हसता हसता तिला रडू कोसळलं आणि ते काही केल्या थांबेना. टेगवेनला दोष तरी काय द्यायचा? तिला हजार जणी सांगत असतील. त्या खोऱ्यातल्या बायकांना वॉर्ड परत मिळायला हवा होता, हे रईसालाही मनापासून वाटत होतं. पण तिच्या निरोपाला कुणी 'घेतलं' म्हटलं नव्हतं. म्हणजे हँडओव्हर झालाच नव्हता. गाठ अजून तिच्याच ड्यूटीत होती.

दुसऱ्या दिवशी तिची दिवसपाळी होती. संध्याकाळी सात वाजता पुढच्या पाळीला स्वप्ना आली. स्वप्ना नाशिकची, चाळिशीची, वर्षभर याच वॉर्डात होती. आल्या आल्या पहिल्याच दिवशी तिनं मराठी ऐकून आनंदानं 'रईसाताई' म्हटलं होतं आणि रईसानं तिला तिथंच तोडलं होतं, "वॉर्डात ताई-बाई नको. सिस्टर म्हणायचं." तेव्हापासून दोघींचं बोलणं बेडपुरतंच.

रईसानं सुरू केलं. बेड एक, बेड दोन. स्वप्ना भराभर लिहीत होती. बेड नऊ, उम्म तुर्की, टाक्यांकडे लक्ष ठेव. बेड अकरा रिकामा. बेड बारा, उम्म लीन, बाळ काचेच्या पेटीत, आईला सारखं दाखवून आण.

"घेतलं," स्वप्ना म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

रईसा हलली नाही.

"काही राहिलं का सिस्टर?"

"बेड तेरा," रईसा म्हणाली.

स्वप्नानं वॉर्डावरून नजर फिरवली. बारा बेड, बारा पडदे. मग तिनं रईसाच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं विचारलं नाही की तेरावा कुठला. हळूच टोपण काढलं.

"सांगा."

"डाव्या छातीत गाठ हाय. तीन म्हयने झाले. काखेत बी लागते." रईसाच्या तोंडात वॉर्डात पहिल्यांदाच दाभोळची बोली आली होती. "कोणाला बोलले नाय. अदिबाला बी नाय."

स्वप्नानं बाराव्या बेडच्या खाली एक ओळ सोडून तेराचा आकडा घातला आणि लिहायला लागली. सगळं लिहिलं. खाली वेळ टाकली, सात वाजून बावीस.

"उद्या सकाळी माझी पाळी सुटली की आपण दोघी ओपीडीत जायचं," ती म्हणाली. "करारबिरार नंतर बघू. मी बरोबर आहे."

रईसा तरी उभीच. पर्स तिच्या हातातच होती. एक शब्द राहिला होता आणि तो मागायचा कसा, तिला कळत नव्हतं.

स्वप्नानं तिच्या हातातली पर्स काढून टेबलावर ठेवली.

"घेतलं, ताई," ती म्हणाली.