उभी चूल

सन तेहतीसच्या उन्हाळ्यात मायाक्काचा उजवा खुबा दुखायला लागला आणि सोलापुरात भवानी पेठेत ज्याला त्याला वैद्यकी सुचायला लागली. कुणी बिब्बा घाल म्हणालं, कुणी डाग दे. बिब्बा उतला, डागाला फोड आला आणि खुबा होता तसाच ठणकत राहिला. शेजारच्या ईरम्मानं तर तेल चोळून चोळून कातडं सोलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

दुसरं वर्षही असंच गेलं. शेवटी नवरा हरिबानं गिरणीत खाडा केला आणि तिला टांग्यात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी यंत्राखाली निजवून हाडाचा फोटो काढला.

"बाई, खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाही. हाड मेलंय, खचत चाललंय. पायाला वजन बांधून काही महिने पडून राहता येईल, पण आता त्याचा भरवसा नाही. नाहीतर कापून सांधा कायमचा जखडून टाकायचा. दुखणं जाईल, लंगडत का होईना चालाल. पण जमिनीवर पुन्हा बसता येणार नाही."

"मग नगं," मायाक्का म्हणाली.

घ्या! पण तिचं तरी काय चुकलं? चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, काटवट जमिनीवर. हरिबाच्या ताटात तव्यावरची भाकरी तिच्याच हातनं पडायची, आणि ते सुख दुसऱ्या कुणाला द्यायची तिची तयारी नव्हती.

परत जाताना टांग्यात ती म्हणाली, "दुकंना का. तुमाला गार भाकरी घालायची न्हाय मला."

"त्या भाकरीपायी तुला रोज वाकडी हुताना बघू व्हय?" हरिबा म्हणाला आणि तोंड फिरवून रडला. एवढा आडदांड गडी भर रस्त्यात रडतो म्हटल्यावर तिचा हट्ट किती टिकणार? आठवड्यात ती दवाखान्यात दाखल झाली.

डॉक्टरांनी सांधा जखडला, आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालून ती कित्येक महिने पडून राहिली आणि एकदाची काठी टेकत घरी आली. बघते तर हरिबानं दगडमातीचा ओटा रचून चूल वर चढवलेली. पण शहाण्यानं माप घेतलं होतं स्वतःच्या उंचीचं! चूल थेट तिच्या छातीला लागली.

"अवं, चूल हाय का तुळशीवृंदावन?"

पेठेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. उभ्यानं रांधणारी बाई त्यांनी कुठं पाहिली होती? हरिबानं ओट्याचे दोन थर उतरवले.

सांजेला पहिली भाकरी टम्म फुगली. हरिबा ताट घेऊन चुलीपाशी उभाच राहिला.

"बसा की. उभ्यानं जेवलं तर घरची बरकत जाती म्हंत्यात."

"बरकत हितं उभी हाय, आन् मी बसू व्हय?"

मायाक्का लाजली, हसली, आणि दुसरी भाकरी थापायला लागली. त्यानं रोजच्यासारखं हळूच विचारलं, "दुकतंय का गं?"

"न्हाय," ती म्हणाली. दोन वर्षं त्यानं विचारलं की त्याच्या जिवाला घोर नको म्हणून ती हेच सांगत आली होती. आज ते खरं होतं.