मोबाइलचा स्टँड

आमच्या दवाखान्यात डॉक्टरबाई दोन तऱ्हांनी भेटतात, आणि कुणाला कुठली तऱ्हा द्यायची हे मी ठरवते. सकाळी फोन खणखणायला लागले की मी विचारते, "ताप किती? धाप लागते का? दुखतंय कुठे?" वहीत नाव डावीकडे लिहिलं तर पेशंटने यायचं, उजवीकडे लिहिलं तर मोबाइलवर व्हिडिओ कॉल. बावीस वर्षं मी या टेबलामागे बसलेय. माझ्या फटकळपणाबद्दल लोक बरंच काही बोलतात, पण माझी वही चुकली असं कुणी म्हणालेलं नाही. म्हणजे या वर्षापर्यंत.

बाइंडरकाकांचं नाव कायम उजवीकडे. शहरातल्या निम्म्या वकिलांची जाडजूड पुस्तकं त्यांनी बांधलेली. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि पाय गेला, बोलणंही अडखळायला लागलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मग दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काकू मोबाइल धरून त्यांच्यासमोर उभ्या राहायच्या. डॉक्टरबाई काकांना हात उचलायला, बोटं हलवायला लावायच्या, आणि रक्तदाबाचे आकडे काकू घडाघडा सांगायच्या. कॉल मीच जोडून द्यायची, त्यामुळे मलाही सगळं दिसायचं.

मग चित्र हलायला लागलं. काका खुर्चीत स्थिर, पण अख्खी खोली डुगडुगायची. दोन-तीन महिने मी रेंजला शिव्या घातल्या. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला यांची बोटंच नीट दिसत नाहीत," तेव्हा मी काकूंना झापलं. "काकू, फोन जरा घट्ट धरा की! राहू दे, मी स्टँडच पाठवते. त्यात अडकवा आणि मोकळ्या व्हा." त्याच संध्याकाळी पाठवलाही. पुढच्या मंगळवारी काका फोटोसारखे स्वच्छ दिसले. डॉक्टरबाईंनी माझी पाठ थोपटली, आणि मी दिवसभर हवेत होते.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी काकू स्वतः आल्या. औषधांच्या चिठ्ठीवर शिक्का राहिला होता. मी शिक्का मारून कागद त्यांच्या हातात दिला, आणि तो फडफडायला लागला. मी वर बघितलं. पंखा बंद होता. मग मी काकूंकडे बघितलं, नीट, कितीतरी दिवसांनी. गाल बसलेले, कपडे अंगावर लोंबत होते, आणि सकाळच्या गारव्यात कपाळावर घाम.

दुखणं महिन्याच्या महिन्याला माझ्या समोर येत होतं आणि मी त्याला स्टँड लावून गप्प केलं होतं.

"काकू, बसा. डॉक्टरबाईंना दाखवूनच जा."

"मला काय धाड भरलीय? हे एकटे आहेत घरी."

"हात कधीपासून थरथरतोय?"

"झाले असतील आठ-पंधरा दिवस. झोप पुरत नाही, दुसरं काय! आणि दाखवायचंच असेल तर उद्या मोबाइलवर दाखवते. तूच जोडून दे."

"मोबाइलवर नाडी लागत नाही!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाकावरची माणसं दचकली.

काकूंनी माझ्या गालाला हात लावला. "चिडू नकोस गं," म्हणाल्या, आणि चिठ्ठी पर्समध्ये कोंबून निघून गेल्या. तो हात गरम होता.

दुपारी मी त्यांच्या घरी फोन केला. काकू खाली भाजी आणायला गेल्या होत्या, काकांनी उचलला. मी रागातच सगळं सांगितलं, स्टँडचं सोडून. तेवढं धैर्य झालं नाही. मग काका म्हणाले, "गुरुवार. अकरा. ती... येईल."

"आणि तुमच्याजवळ कोण?"

"कोणी... नको. फोन चालू ठेव. मी... दिसत राहीन तिला."

गुरुवारी वहीत काकू डावीकडे आणि काका उजवीकडे, एकाच वेळेला. असं मी आधी कधी केलं नव्हतं. काकू खुर्चीच्या टोकावर बसल्या, डॉक्टरबाईंकडे कमी आणि टेबलावरच्या पडद्याकडे जास्त बघत. "पाणी हाताशी आहे ना? उठायचा प्रयत्न करू नका हं." पडद्यावर काकांनी डावा हात वर केला.

डॉक्टरबाईंनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. मग काकूंना घोट गिळायला लावून गळा चाचपला. "हात कधीपासून थरथरतोय?"

"आठ-पंधरा दिवस."

"आठ... महिने," पडदा बोलला.

काकूंनी पडद्याकडे बघून डोळे वटारले.

"भांडी पडतात हातून. रात्री छाती... धडधडते तिची. मी शेजारी... असतो. कळतं."

"मग काका, सांगितलं का नाहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते माझ्याकडे बघत होते, की मला तसं वाटलं, कोण जाणे. "मला वाटलं, तुम्हाला... दिसतंय."

मी मान खाली घातली. बावीस वर्षांत मला कुणी इतक्या हळू आवाजात बोललं नव्हतं, आणि इतकं लागलंही नव्हतं. मी सांगून टाकलं, स्टँडचं, सगळं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मलाही बोटंच बघायची होती," आणि त्यांनी काकूंचा हात सोडला नाही. "थायरॉइड वाटतंय. आजच रक्त तपासू. गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण महिन्याला इथे यायचं. स्वतः."

"यांना सोडून?"

"मी... बसतो की," काका म्हणाले. "एवढा वेळ... तू बसलीस."

काकू रडायला लागल्या, आणि मीही, उगाच फायली चाळत. काकूंच्या नावाची फाइल त्यात नव्हतीच. मी नवी काढली, पेन उघडलं आणि थांबले. इतकी वर्षं नुसतं काकू, काकू.

"काकू, तुमचं नाव काय हो?"

त्यांनी डोळे पुसून तोंड उघडायच्या आत पडद्यावरून काकांनी ते सांगितलं, आडनावासकट, एका दमात, कुठेही न अडखळता.