ज्याच्यावर राज्य, त्याचा आडोसा

मित्रांनो, पुठ्ठ्याच्या जातीला भीती जन्मापासून चिकटलेली असते. पाण्याची भीती, वाळवीची भीती, रद्दीवाल्याच्या हाकेची तर विचारूच नका. मी एक जुना आडोसा आहे, तीन पानांचा, आणि आमच्या जातीतही भित्राच म्हणायचा. पण माझी खरी गाळण उडाली ती एका रविवारी दुपारी, एका मुलाच्या बोटामुळे.

मुळात मी टीव्हीचं खोकं. मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पंच्याऐंशी साली टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. "वॉरंटी संपेपर्यंत खोकं टाकायचं नाही," असं पद्मजाबाईंनी, म्हणजे त्या घरातल्या आईनं, बजावलं होतं. म्हणून वाचलो. वॉरंटी संपायच्या सुमारास त्यांच्या नंदकुमारला अमेरिकेतल्या मामानं एक खेळ पाठवला. जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा निळा फासा. नंदू तेव्हा अकरावीत होता. त्यानं ब्लेडनं मला कापलं, दोन घड्या पाडल्या आणि जेवणाच्या टेबलावर उभं केलं. माझ्या पुढच्या बाजूला स्केचपेननं किल्ला काढला. फार कौतुक झालं माझं, खोटं कशाला बोलू?

खेळ असा होता. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, कोणी तलवारबाज, कोणी चोर. नंदूनं माझ्यामागे बसून गोष्ट सांगायची, नकाशा लपवायचा आणि फासा टाकायचा. पुस्तकात त्याला गेम मास्टर म्हटलं होतं. हे ऐकून तळमजल्यावरचा चंदू म्हणाला, "म्हणजे राज्य तुझ्यावर ना?"

"हो रे, राज्य माझ्यावर," नंदू हसून म्हणाला.

घोळ झाला तो तिथेच. तुम्ही लपाछपी खेळता ना? तिथे राज्य कोणालाच नको असतं. ज्याच्यावर राज्य, त्यानं बिचाऱ्यानं सगळ्यांना शोधत फिरायचं. त्यात मागून येऊन कोणी पाठीत धप्पा दिला, की पुन्हा पहिल्यापासून राज्य त्याच्यावरच. इथे मात्र नंदूला राज्य आवडायला लागलं. ते त्याच्यावरून उतरेचना. तो म्हणेल तिथे दरी, तो म्हणेल तिथे साप. मी मधे उभा, त्यामुळे त्याचा हात कोणाला दिसत नसे. मला दिसायचा.

खेळायला चंदू यायचा, समोरच्या घरातली अनुपमा यायची आणि मागच्या चाळीतली बारा वर्षांची शेवंती यायची. शेवंतीचे वडील दशरथ गिरणी सुटल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन झाले होते. पोरगी अडखळत बोलायची. शाळेत वाचनाची पाळी तिच्यापाशी आली, की बाई पुढच्या मुलीचं नाव घ्यायच्या. पण या खेळात ती कालिंदी होती, राणीची वकील. आणि कालिंदी घडाघडा बोलायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चंदूच्या हातातला चिवडा हातातच राहिला. आठवडाभर ती पोर रविवारची वाट बघायची.

आणि नंदूचा एक नियम होता. पात्र मेलं, की तो खेळाडू कायमचा बाद. हा नियम पुस्तकातला नव्हता.

त्या रविवारी नंदूनं सांगितलं, की वेशीवरच्या पहारेकऱ्यानं सगळ्यांना पाहिलं आणि धनुष्य उचललं. कालिंदी म्हणाली, "मागच्या रविवारी तो पहारेकरी आंधळा होता. त्यानं पाहिलं कसं?"

"नंद्या, वाट लागली तुझी," अनुपमा म्हणाली. सगळे हसले. नंदूचे कान लाल झाले. हसणाऱ्यांना त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता, मला पुरता दिसत होता.

"विषारी बाण," तो म्हणाला. "कालिंदीवर. दहा किंवा जास्त पडले तर वाचली. कमी पडले तर मेली."

फासा माझ्या पायाशी गडगडला. सतरा. मी बघितले, स्वच्छ सतरा. मग नंदूचं बोट पुढे आलं आणि त्यानं फासा हळूच उलटवला.

"चार," तो म्हणाला.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. निदान पडायचं तरी होतं. वर पंखा फिरत होता, मी जरा अंग सैल सोडलं असतं तर सहज आडवा झालो असतो. पण घाबरलो. पडलो तर हा मला रद्दीत घालेल, असं वाटलं. पाय रोवून उभा राहिलो मी, त्याचं खोटं झाकत. याची लाज अजून वाटते.

"क... क..." शेवंती म्हणाली. पुढचं येईना. कालिंदी गेली होती.

"फासा दाखव," अनुपमा म्हणाली.

"ज्याच्यावर राज्य, तो दाखवत नसतो."

शेवंती उठली. मला वाटलं, घरी निघाली. ती टेबलाला वळसा घालून नंदूच्या मागे आली. तिनं त्याच्या पाठीत एक थाप मारली.

"ध... धप्पा."

मग चंदूच म्हणाला, "धप्पा बसला यार. राज्य पुन्हा पहिल्यापासून. टाक परत."

नंदूनं पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकात धप्पा कुठला असायला? पण राज्य त्यानंच घेतलं होतं, आता धप्पाही घ्यावा लागणार होता. त्यानं मला मिटून बाजूला ठेवलं आणि उघड्यावर फासा टाकला.

सहा.

शेवंतीनं खाली बघितलं आणि कालिंदीची माहिती लिहिलेला आपला कागद नंदूपुढे सरकवला. आता त्याला काही करायची गरज नव्हती. खरोखरचे सहा पडले होते, सगळ्यांनी पाहिले होते. त्यानं कागद उचलला.

"मघाशी सतरा पडले होते," तो म्हणाला. "मी फिरवला." आणि त्यानं कागद तिला परत दिला.

अनुपमा काहीतरी बोलणार होती, पण शेवंतीनं तिला हातानं थांबवलं. "म... मग नंदूदादा, तो प... पहारेकरी आंधळा आहे की नाही?"

ही कालिंदी नव्हती, शेवंतीच होती. दोनदा अडखळली, पण वाक्य तिनंच पुरं केलं.

"आंधळाच आहे," नंदू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ब्लेड काढलं आणि मी मनात देवाचं नाव घेतलं. पण त्यानं माझ्या मधल्या पानाला, अगदी खाली, चौकोनी खिडकी कापली. नकाशा झाकलेला राहील आणि फासा सर्वांना दिसेल, एवढीच. त्यानंतर ते दोन वर्षं खेळले, आणि मी न घाबरता उभा राहिलो.

आता एकोणनव्वद साल आहे. नंदू पवईला हॉस्टेलवर असतो आणि मी पुन्हा माळ्यावर. एक कोपरा ओलीनं फुगलाय, रद्दीवाल्याची हाक आली की अजून धडधडतं. मला सांभाळा असं म्हणणार होतो, पण राहू दे. मित्रांनो, तुमच्यावरही कधीतरी राज्य येईल. तेव्हा आडोसा खुशाल धरा, गोष्ट रंगायला तो लागतोच. फक्त हात दिसेल एवढी खिडकी आधी कापा, कारण पुठ्ठा भित्रा असतो, तो आपणहून पडत नाही.