एका खोलीतला अल्बम

दादा माझा मावसभाऊ. आमच्या बँडचा गायक, गिटारवाला आणि कोणी विचारलं नाही तरी मालक. बेस गिटार वहिनी वाजवते. ड्रमवर मी. आम्ही रूट्स रॉक वाजवतो. रूट्स म्हणजे काय असं कोणी विचारलं की दादा गंभीर होऊन जमिनीकडे बघतो. तिथे बहुतेक वेळा फरशी असते.

पहिला अल्बम रेकॉर्ड करायच्या दिवशी स्टुडिओत वहिनीने कव्हर दाखवलं. फोटो छान होता. दादा, वहिनी, आणि माझ्या ड्रमवर बसलेला वहिनीचा धाकटा भाऊ. शर्टही माझाच घातला होता त्याने.

"अरे, कव्हरला चेहरा लागतो," दादा म्हणाला. "तुझा चेहरा जरा मागे बसणाऱ्याचा आहे."

"ड्रम मागेच असतात, दादा."

"मनाला लावून घेऊ नकोस. आज तू वाजव, आम्हाला ताल धरायला. उद्या रेकॉर्डिंगमधून तुझे ड्रम काढून त्याचे टाकू. कार्यक्रमांनाही यापुढे तोच येईल. तू घरचा, तुला काय सांगायचं."

इतकी वर्षं ह्याच्या मागे बसून मी ह्याला टक्कल पडताना पाहिलं आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. त्याचं हे फळ. ठरवलं, उट्टं काढायचं. आवाज न चढवता.

रेकॉर्डिंगवाल्या ताईंनी ड्रमसाठी काचेची वेगळी खोली तयार ठेवली होती.

"नाही ताई," दादा म्हणाला. "आमचं तत्त्व आहे. सगळे एका खोलीत. मध्ये काच नाही, भिंत नाही. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात."

"अहो, पण नंतर ह्याचे ड्रम काढायचे म्हणालात ना? मग तर..."

"तत्त्व आहे," दादा म्हणाला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. एका खोलीत वाजवलं की प्रत्येकाच्या माइकमध्ये सगळेच शिरतात, हे मला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक असायला हवं होतं, पण तो तत्त्वात होता.

"मी जरा पुढे सरकतो," मी म्हणालो. "लांब बसलं की परकं वाटतं."

दादाला भरून आलं. माझा मोठा ड्रम त्याने स्वतः उचलून आपल्या माइकपाशी आणला.

मग मी वाजवलं, जन्मात वाजवलं नव्हतं तसं. दादाला ताल नाही. ही घरातली गोष्ट आहे, बाहेर बोलत नाहीत. गाताना तो श्वास घ्यायला विसरतो, आठवण झाली की ओळीच्या मध्येच थांबून घेतो, आणि मी दर वेळी त्याला झेलतो. त्या दिवशी एकही झेल सोडला नाही. तो अडखळला तिथे मीही अडखळलो, असा की ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं असंच आहे.

"आज माझा सूर लागलाय," दादा म्हणाला.

"लागलाय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माझे ड्रम आणायला गेलो आणि एकेक स्क्रू सावकाश काढत बसलो. काचेच्या खोलीत दादाचा मेहुणा स्वतःचे चकचकीत ड्रम लावून बसला होता.

"ताई, ह्याचे कालचे ड्रम बंद करा," दादा म्हणाला.

"केलेत."

"मग हे कोण वाजवतंय?"

"हाच. तुमच्या तोंडासमोरच्या माइकमधून येतोय."

"मग तिथून काढा."

"काढते. तुम्हीही जाल."

वहिनीच्या बेसमध्येही मी निघालो. दादाच्या गिटारमध्ये तर गिटारपेक्षा जास्त मीच होतो.

मेहुण्याने कालच्या रेकॉर्डिंगवरच वाजवून पाहिलं. वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं एकाच वेळी कपाट सरकवतायत असं वाटलं. मग दादाने मेहुण्याबरोबर नव्याने गायला घेतलं. मेहुणा घड्याळासारखा वाजवतो. दादाने श्वास घेतला तेवढ्यात गाणं पुढच्या ओळीला निघून गेलं. दादा त्याच्यामागे धावला. बराच वेळ धावला. शेवटी वहिनीनेच बेस खाली ठेवला.

दादा माझ्यापाशी येऊन बसला. "कव्हर बदलतो. तुझा फोटो, तुझं नाव. झालं गेलं विसर. कार्यक्रमांनाही तूच ये."

हेच ऐकायला मी सकाळपासून रेंगाळत होतो. आणि ऐकल्यावर लक्षात आलं, एवढ्याने माझं पोट भरणार नाही.

"नको दादा. त्याचंच नाव राहू दे. अल्बम मात्र कालचाच काढ."

"अरे, वाजवलंयस तू."

"घरातल्या घरात काय तुझं-माझं."

दादाने मला मिठी मारली. मेहुणा काचेपलीकडून हसून मान डोलवत होता. वहिनीचा चेहरा मात्र उतरत गेला.

"अल्बम चालला तर लोक कार्यक्रमात हेच मागतील," ती हळूच म्हणाली. "अडखळण्यासकट."

"चालणारच गं, वहिनी. मी स्वतः दारोदार ऐकवत फिरणार आहे."

"आणि हे वाजवणार कोण?"

"तुझा भाऊ," मी म्हणालो. "मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेव फक्त. अगदी त्याच्या समोर."