बिनदाराची गाडी

मूठ काळी होती, बोराएवढी, आणि ती धरून दांडी फिरवली की काच खाली जायची, उलटी फिरवली की वर यायची... यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण पोचव्या मघापासून ट्रकच्या केबिनीत तेच करत बसला होता. खाली. वर. परत खाली. काच वर आली की बाहेरची सकाळ बंद पडायची, म्हणजे दिसायची सगळी — व्याह्यांचं अंगण, रांगेनं उभ्या जुन्या मोटारी, त्यांना फडक्यानं गोंजारणारी हौशी माणसं — पण आवाजावर कुणीतरी रजई टाकल्यासारखं व्हायचं, आणि स्वतःचाच श्वास कानाशी येऊन बसायचा, फुकट्या प्रवाशासारखा.

"व्याहीबुवा, काच जपून हं!" खालून व्याही ओरडले. "अस्सल आहे ती. तिच्यासाठी दोन भंगारवाल्यांशी भांडलोय आणि तिसऱ्याशी सोयरीक करायचीच बाकी ठेवलीय."

"म्हणजे आमचा नंबर भंगारवाल्यांनंतर."

सगळे हसले. पोचव्याही हसला, आणि हसता हसता त्यानं काच पुन्हा खाली केली.

व्याही म्हणजे त्याच्या मुलीचे सासरे. उभा जन्म दातांचे डॉक्टर होते. निवृत्त झाले तरी हात गप्प बसेनात, म्हणून त्यांनी हा ट्रक भंगारातून उचलला आणि त्याच्या तोंडात एकेक दात बसवत बसले — पुढची जाळी, दिवे, बंपर — शेवटी ट्रक असा काही हसायला लागला की बघणाऱ्यानं आपलं तोंड मिटून घ्यावं. आज जुन्या गाड्यांची मिरवणूक होती, गावाबाहेरच्या मैदानापर्यंत. सगळ्यांत पुढं हा ट्रक. ट्रकच्या अंगावर कापडी फलक: 'आपला पहिला ट्रक — आणि तो चालवणारे हात'.

ते हात आत्ता मुठीवर होते आणि त्यांना घाम आला होता. कारण या हातांनी दार असलेला ट्रक जन्मात कधी चालवला नव्हता.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. त्या काळी कारखाना ट्रक बनवतच नसे, चासी बनवायचा — इंजिन, लोखंडी सांगाडा, चार चाकं आणि पुढं उभं एक स्टिअरिंग. छप्पर नाही, दार नाही, काच नाही, बसायला जागासुद्धा नाही. ती तसली उघडी चासी कारखान्याच्या फाटकातून चालवत न्यायची आणि बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीच्या आवारात सोडायची. पुढं मिस्त्रीची माणसं तिला लाकडाची केबिन बांधत, हौदा बांधत, रंग देत, आणि मग तिचा ट्रक व्हायचा. पोचव्याचं काम फाटक ते फाटक. कारखान्यात त्याला पोचव्या म्हणत आणि चासीला नागडी. लग्नानंतर नव्यानंच, दारात उभं राहून कुणी सोबती "उद्या पहाटे नागडीला घेऊन निघायचंय, विसरू नको" असं ओरडून गेला होता, त्याचा खुलासा करण्यात एक अख्खी रजा गेली होती.

बसायला खोकं. परदेशातून सुटे भाग ज्या खोक्यांतून यायचे त्यातलंच एक, दोरीनं आवळून बांधलेलं. त्याच्यावरची परदेशी अक्षरं ओल्या रंगासकट त्याच्या पाटलोणीच्या बुडावर उमटली ती उमटलीच. बायकोनं घासघासून पाहिलं. पुढं कारखान्यातल्या एका कारकुनानं वाचून अर्थ सांगितला: 'नाजूक माल, आपटू नये'.

तर बाबांनी आयुष्यभर ट्रक चालवले, असं मुलगी सासरी सांगत आली होती. खोटं नव्हतं ते. पण खरं तरी कुठं होतं? आयुष्यभर नुसता पाया पाहणाऱ्यानं घर पाहिलं म्हणायचं का... आणि सांगायचं तर केव्हा? मुलीचा फोन आला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती बोलतच सुटली होती — "बाबा, सगळ्यांना सांगितलंय ह्यांनी. चुलतसासूबाई परवा पाहुण्यांना म्हणाल्या, आमच्या सुनेचे वडील, पहिला ट्रक त्यांनीच चालवला!" आणि हीच चुलतसासू लग्नात 'ड्रायव्हरची मुलगी' असं, ताटातला खडा बाजूला काढावा तसं म्हणाली होती. मुलीच्या आवाजात इतक्या वर्षांनी छप्पर आलं होतं. ते बापानं उडवायचं? तो गुळणी धरून बसला, दातांच्या डॉक्टरांच्या समोर.

दार उघडून बायको आत चढली आणि त्याच्या शेजारी, बाकाच्या मधोमध बसली. तिनं आरामात पदर सारखा केला, छताकडे पाहिलं, पुढच्या काचेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"घाबरलाय तुम्ही."

"मी? कशाला?"

"काच केव्हाची खालीवर चाललीय. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ट्रक डोळा मारतोय."

तिनं बाकावर तळहात फिरवला.

"बरं वाटतं नाही? मी पहिल्यांदाच बसतेय तुमच्या शेजारी."

हे कसं शक्य आहे, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं... आणि आठवलं. खोक्यावर एकालाच जागा होती.

मागं हौद्यात खुर्च्या मांडल्या होत्या; त्यांवर मुलगी, विहीणबाई, चुलतसासू आणि आणखी कोण कोण चढून बसलं. व्याही कर्णा घेऊन पायरीवर उभे राहिले. "पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या नटापर्यंत आपला!" ते गर्जले, आणि पोचव्याला पहिलं वर्ष आठवलं, जेव्हा त्या गाडीत आपलं म्हणावं असं फक्त रेडिएटरमधलं पाणी होतं. बाकी सगळं खोक्यांतून येई. मग हळूहळू एकेक जिन्नस इथं व्हायला लागला. पाट्याच्या स्प्रिंगा पहिल्यांदा इथल्या लागल्या ते त्याच्या कमरेला आधी कळलं, वर्तमानपत्रांना नंतर. मग ब्रेक, ते लागले की नाही हे कळायला थोडा उतार लागायचा. मग गिअरपेटी, जी रडायची — तिसऱ्यात घातली की लहान पोरासारखी भोकाड पसरायची — आणि एक दिवस रडायची थांबली, त्या दिवशी चासी आवारात सोडताना त्याला उगीचच चुकल्यासारखं वाटलं होतं. शेवटी इंजिन. पुढं कारखान्यानं लोखंडी केबिनीसुद्धा आतच ठोकायला सुरुवात केली, आणि बिनदाराच्या गाड्या संपल्या. साहेब म्हणाले, "आता पुरा ट्रक ने की रे, आरामात." त्यानं पाठीचं दुखणं सांगितलं आणि गोदामात बदली मागून घेतली. पाठ दुखत नव्हती. एकदा केबिनीत बसून दार लावून पाहिलं होतं, गाडी उभी असताना, आणि छातीत काहीतरी मिटल्यासारखं झालं होतं... एवढंच. एवढंसं. कुणाला काय सांगणार?

"चला, व्याहीबुवा! होऊ द्या!" व्याही आत शिरले, दार आपटलं, आणि केबिन भरली.

चासीवर त्याला पुढचं चाक दिसायचं, आपलं बोट दिसावं तसं. वेग दातांवर कळायचा. वारा दातांना गार लागला की पुरे. मागं मान वळवली की सांगाडा शेवटापर्यंत दिसे, आरपार, खालून पळणाऱ्या रस्त्यासकट. आता चाकं कुठं आहेत? डोक्यामागं फळ्यांची भिंत, तिला वहीच्या पानाएवढी खिडकी, आणि त्या खिडकीत चुलतसासूचा अंबाडा. गाडी कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे आता अंदाजानं मानायचं — मानायचं! देवासारखं! — आणि वर हात दाखवत हसायचं.

तरी निघाली. क्लच ओळखीचा निघाला, गिअर ओळखीचा निघाला. अंगणाच्या फाटकातून सुटली तेव्हा व्याह्यांनी दोन्ही डोळे मिटले होते, त्यामुळे खांब किती जवळून गेला हे फक्त बायकोनं पाहिलं. ती काही बोलली नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती, हात हलवत होती, मागं जुन्या मोटारींची रांग पोंपों करत होती. आणि पोचव्याला आत बसवेना. काच खाली होती तरी वारा कडेनं यायचा, चोरासारखा, तोंडावर यायचा नाही. सगळी गाडी त्याच्याभोवती करकरत होती, खुळखुळत होती... चासी अशी कधी खुळखुळत नसे, तीत खुळखुळायला काही नव्हतंच.

असल्या किती नेल्या मी? त्यातली एकही पुरी झालेली का पाहिली नाही? पुढं रस्त्यानं जाताना प्रत्येक ट्रककडे तो बघायचा, ही आपण नेलेली असेल का; पण रंगाखाली, फुलापानांखाली, फळ्यांखाली सांगाडा ओळखायचा कसा. सोडून परत येताना नियमच होता पोचवणाऱ्यांचा: चावी दिली की मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर पुढची चासी वाटेत बंद पडते म्हणत. त्यामुळे उतरायचं, आणि तडक बस पकडायची. पाय आधीच बसकडे धावत असत. घरी आलं की पुन्हा फाटकाकडे. मुलगी रांगत होती, मग शाळेत होती, मग लग्नाची होती — मधलं सगळं बांधकाम कुणी केलं? बायकोनं. म्हणजे घरसुद्धा मी फाटक ते फाटकच... छे. असली वाक्यं व्याह्यांना सुचावीत, कर्ण्यातून. आपण गाडी चालवावी.

"मस्त चाललीय!" व्याही म्हणाले. "सवय ती सवयच हो!"

पाण्याची टाकी आली, पूर्वी चासी आणताना वाटेत लागायची तीच. टाकी उजवीकडे दिसली, रस्ता जरा उताराला लागला, इंजिनाचा आवाज बारीक झाला, आणि पोचव्याला एकाएकी बरं वाटलं. छाती सुटली. हात हलके झाले. चाकं कुठं आहेत ते कळायला लागलं. दोनदा क्लच दाबून त्यानं गिअर खाली आणला, आणि ट्रक असा झोकदार डावीकडे वळला की हौद्यातून टाळ्या पडल्या.

मैदान सरळ होतं.

हे त्याला गल्ली संपल्यावर कळलं. समोर भिंत होती. भिंतीत मिस्त्रीचं जुनं फाटक होतं, तेच, फक्त वर 'गाद्या व उशा' असं लिहिलेलं. वळण अंगवळणी पडलेलं होतं, आणि अंगानं ते घेतलं होतं. गाडी फाटकासमोर बरोबर जागेवर उभी राहिली, तसूभरही इकडं तिकडं नाही. त्यानं हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती धरली. मिस्त्री भुशानं माखलेल्या हातानं घ्यायचा तशी.

गादीवाला बाहेर आला. त्यानं चावीकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, आणि ट्रकमागं गल्लीत एकामागून एक शिरत चाललेल्या मोटारींच्या रांगेकडे पाहिलं.

"इथं लावायची नाही गाडी," तो म्हणाला. "माल यायचाय."

व्याह्यांनी फाटकावरचं 'गाद्या व उशा' पुन्हा एकदा वाचलं. "व्याहीबुवा... हे कार्यक्रमात नव्हतं."

"पोचवला त्यांनी," बायको म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, हळूच, "सगळ्या इथंच सोडायचात ना? खोक्यावर बसून आणलेल्या?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं... अर्थात. पाटलोणी तिनंच धुतल्या होत्या.

"मग चला उतरा," ती म्हणाली. "तुमची बस जायची."

तिचा चेहरा अगदी साधा होता. ती थट्टा करत होती की विचारत होती हे त्याला उभ्या संसारात कधी ओळखता आलं नव्हतं. त्यानं उतरण्यासाठी हात दाराकडे नेला, आणि तो मुठीवरच जाऊन थांबला, त्या काळ्या, बोराएवढ्या मुठीवर. पाय हलले नाहीत. त्यानं वाट पाहिली — आत्ता सुटतील, आत्ता बसकडे धावतील — पण ते तिथंच पेडलवर, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे स्वस्थ.

मागचे भोंगे वाढले. आता दोनच वाटा उरल्या होत्या: सगळ्या गाड्या उलट्या जाणार, आणि सगळ्यांत शेवटी त्यानं, मुलगी, विहीणबाई आणि चुलतसासूसकट, अरुंद गल्लीतून हा ट्रक मागं न्यायचा. किंवा म्हणायचं, मला येत नाही. दोन्हींपैकी काय तोंडातून निघेल हे त्याला माहीत नव्हतं.

फळीवर टकटक झाली. "बाबा? बाबा, काय झालं?"

मागं वळून बघायचं नाही, नियम नियम होता. तरी त्यानं मान वळवली. खिडकीतून अंबाडा बाजूला झाला होता आणि तिथं मुलीचा चेहरा होता, कपाळावर आठ्या, आईसारख्या; आणि त्या चेहऱ्याच्या मागं खुर्च्या, माणसं, रंगवलेल्या फळ्या... गाडी कुठं संपते ते काही केल्या दिसत नव्हतं. तो बघत राहिला.