जाळीचं टेबल

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखातं होतं. वॉर्डांतून आलेल्या मळक्या चादरी निवडायला तिथं चार बायका होत्या. त्यांतल्या एकीला सगळे खटपटी म्हणायचे, कारण हातातलं काम सोपं कसं होईल हा किडा तिच्या डोक्यात सतत वळवळायचा. खात्याच्या साहेबांना मात्र सूचना म्हटली की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. बायकांनी पाठीमागे त्यांचं नाव नकोसाहेब ठेवलं होतं.

दर वॉर्डाला वेगळ्या रंगाच्या पिशव्या द्या, असं खटपटीनं सुचवलं, तर साहेब म्हणाले, “ही काय बालवाडी आहे?” वाकून वाकून पाठी मोडतात, चादरींच्या गाड्यांचा तळ उंच करून घ्या म्हटलं, तर म्हणाले, “सकाळी उठून व्यायाम करा.”

गाठोड्यांत काय काय यायचं! चष्मे, कवळ्या, एकदा तर वाजता फोन. त्यावर बायका हसायच्या. इंजेक्शनच्या सुया आल्या की हसू पळायचं.

एका मंगळवारी थोरलीला सुई टोचली. थोरली म्हणजे चौघींत सगळ्यांत जुनी. हातमोज्यातून सुई थेट बोटात गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, दीड महिन्यानं पुन्हा तपासू, मग आणखी एकदा. तोवर जिवाला घोर. घरी थोरली नातीला पापासुद्धा घेऊ देईना.

खटपटीनं कागदावर चित्र काढलं आणि साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, वर जाळी, खाली पत्र्याचा ट्रे. चादर लांब चिमट्यानं जाळीवर पसरायची आणि हलवायची. सुई खाली पडते. हात लावायलाच नको.”

“किती वर्षं झाली तुम्हाला इथं?”

“अकरा.”

“अकरा वर्षं हातानंच निवडलंत ना? मग आताच काय झालं?”

“थोरलीला सुई टोचली.”

“सांभाळून काम केलं असतं तर टोचली नसती,” साहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप त्या चित्रावर ठेवला.

घरी जाताना रागानं तिचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले म्हणून आणखी राग आला. तिचा दीर वेल्डर होता. तो हात धूत होता, तेवढ्यात तिनं त्याला गाठलं.

“भाऊजी, मला एक टेबल करून द्या.”

“साहेब हो म्हणाले?”

“नाही.”

“मग नोकरी घालवाल, वहिनी.”

“नोकरी दुसरी मिळेल. थोरलीचं काही बरंवाईट झालं तर दुसरी थोरली कुठून आणू?”

दिरानं भंगारातून मोडकी खाट आणली. दोन सुट्ट्या त्यात गेल्या. त्यानं जाळी जोडली, तिनं कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. सोमवारी सकाळी दोघांनी हातगाडीवरून टेबल तळघरात आणलं. पहिल्याच तासात ट्रेमध्ये तीन सुया आणि शस्त्रक्रियेचं एक पातं खणकन पडलं.

टेबलाची खबर लागताच साहेब खाली आले. “कुणाच्या परवानगीनं आणलं हे?”

“कुणाच्याच नाही.”

“आत्ताच्या आत्ता बाहेर काढा.”

“काढते. पण मग मी एकही गाठोडं हातानं उघडणार नाही.”

“मीपण नाही,” थोरलीनं चिमटा खाली ठेवला. उरलेल्या दोघी एरवी कशात नसायच्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि भिंतीशी बसकण मारली.

“चौघींना घरी पाठवीन!”

“पाठवा,” खटपटी म्हणाली. “फक्त कारण लिहून द्या. जाळीवर सुया निवडल्या म्हणून काढलं, असं लिहा आणि खाली सही करा.”

साहेबांनी खिशातून पेन काढलं. उघडलं. परत बंद केलं आणि पाय आपटत वर गेले.

यंत्रं रिकामी उभी राहिली. दुपारी शस्त्रक्रिया विभागाच्या मुख्य परिचारिका स्वतः खाली आल्या. “माझ्या चादरी कुठायत?” म्हणत त्या थांबल्या. त्यांनी ट्रेत पाहिलं.

“हे आमच्याकडून आलं?”

“एका तासात,” थोरली म्हणाली आणि तिनं सुई टोचलेलं बोट दाखवलं.

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. दार बंद होतं, तरी एक वाक्य खाली जिन्यापर्यंत स्पष्ट ऐकू आलं: “टेबल हललं तर गाठोडी तुमच्या खोलीत येतील, आणि तुम्ही उघडायची.”

टेबल राहिलं. खटपटीला मात्र विनापरवाना वस्तू आणल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. तिनं त्यावर लिहिलं, ‘आधी विचारलं होतं, नकार मिळाला,’ आणि मग सही केली. थोरलीच्या दोन्ही तपासण्या चांगल्या निघाल्या, तेव्हा चौघी गळ्यात गळा घालून रडल्या.

पुढे एकदा दुसऱ्या रुग्णालयातून पाहुणे आले. साहेब त्यांना कौतुकानं सांगत होते, “हे आमच्या खात्यानं बनवलेलं टेबल.”

“खात्यानं नाही, साहेब,” खटपटी तोंडावरचा मास्क खाली ओढत म्हणाली. “मी आणि माझ्या दिरानं. तुम्ही नको म्हणाला होतात.”

साहेबांना ठसका लागला. पाहुण्यांतल्या एका बाईंनी वही काढून विचारलं, “दिरांचा फोन नंबर द्याल?”

आठवडाभरात खटपटीची बदली इस्त्रीकडे झाली. शिक्षाच ती. तिथं वाफेची नळी उभं राहायच्या जागेशीच गळत होती आणि बायका वर्षानुवर्षं पाय चोरून उभ्या राहत होत्या. तिनं दोन दिवस नीट पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी साहेबांच्या दारावर टकटक केली.